एस्तू, तो खड्डा माझ्या मापाचा होता

एस्तू, तुला जिथं ठेवलंय ती कबर माझी होती. तुला हे सांगायला नको, माप तूच घेतलंस.

आपल्या ख्रिस्ती मंडळीची ही रीत बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो आपल्याकडे विचित्र नजरेनं बघतो. पण आपलं कबरस्तान सड्यावर, उघड्या कातळ पठारावर, खाली सगळा जांभा दगड. उन्हाळ्यात तो पहारीनं फुटतो. पावसाळ्यात खणायला जावं तर खणून होण्याआधी पाणी भरतं. म्हणून वैशाखातच एक कबर खणून ठेवायची, वर फळ्या, फळ्यांवर झावळ्या, भोवती मातीचा बांध. पावसात कोणी गेलं तर सोय झाली. नाही गेलं तर देवाचे आभार मानून दिवाळीला बुजवायची. कोणासाठी खणतोय ते कोणी तोंडानं बोलत नाही, पण त्या उन्हाळ्यात जो जास्त खंगलेला असेल त्याच्या मापाची खणतात. जांभा फोडायचा म्हणजे कोणी वीतभरही जास्त फोडत नाही.

यंदा खंगलेली मी होते. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरनं मान हलवली होती. एके सकाळी तू काथ्याची दोरी घेऊन आलीस आणि माझ्या उशाशी बसलीस.

“पाय सरळ कर.”

“कशाला?”

“इब्राहिम सड्यावर निघालाय. माप मागतोय.”

“जित्या माणसाचं माप घेतेस? लाज नाही वाटत?”

“मेल्यावर घेऊन काय करू? तंग होतंय म्हणून तू सांगणार आहेस?”

मी हसले तर खोकला आला. तू माझ्या टाचेपाशी दोरीला गाठ मारलीस आणि म्हणालीस, “एवढीशी तर आहेस गो. इब्राहिमचं काम दुपारच्या आत होईल.”

आणि आषाढात तू गेलीस. मी अजून आहे. कशी आहे ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

तू माझ्याहून चांगली दीड वीत उंच. सगळ्या मंडळीनं तुला आयुष्यभर बघितलेलं, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. खड्डा तयार आहे, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. पेटी खड्ड्याच्या तोंडाशी नेली, दोर सोडायला लागले, आणि ती आत जाईना. पाळकसाहेब नवे, घाटावरचे, तरुण. त्यांचं वाचन अर्ध्यात थांबलं. इब्राहिमनं वाकून बघितलं, मग सरळ माझ्याकडे बघितलं.

“आजी, ह्यात त्या मावायच्या नायत. ह्यो तुमचा हाय.”

सगळ्यांदेखत म्हणाला. कोणी त्याला गप्प केलं नाही, कारण खोटं काय होतं त्यात?

पेटी दोन चिऱ्यांवर ठेवली. वर कोणीतरी चटई टाकली. इब्राहिम खाली उतरला आणि पायथ्याकडची बाजू फोडायला लागला. तो चिरेखाणीवरचा माणूस, बाप होता तोवर आपल्या कबरी बाप खणायचा, आता हा खणतो. एक जण डब्यानं पाणी उपसत होता. पाऊस काही थांबला नाही. बायका म्हणाल्या, रिबकाबाई, घरी चला, भिजाल, आजारी आहात. मी म्हटलं, आजारी मी कधीचीच आहे, मेली ती. आणि तुझ्या पेटीला टेकून बसले. एवढा वेळ आपण दोघी भांडल्याशिवाय कधी बसलो नव्हतो.

माती लोटून झाल्यावर इब्राहिम हात धुताना म्हणाला, “आजी, आता दिवाळीपातुर मरायचं नाय हां. जागा नाय.” पाळकसाहेबांना ते लागलं. मला नाही लागलं. त्या दिवशी माझ्याशी सरळ बोललेला तो एकटाच.

मापाची चूक इब्राहिमनं तासाभरात निस्तरली. दुसरी चूक कोणाला निस्तरता आली नाही. तू पुरा उन्हाळा माझी तयारी करत होतीस. रोज संध्याकाळी कंदील लावून पवित्र शास्त्र वाचायचीस, माझ्यासाठी, आवाज चढवून, मी बहिरी असल्यासारखी. मग विचारायचीस, “मन मोकळं आहे ना? काही अडकलंय का?” दुसऱ्याची ट्रंक भरून द्यावी, आगबोटीवर चढवून द्यावं आणि धक्क्यावरून हात हलवावा, तसं तुझं चाललं होतं. तुला स्वतःला कुठं जायचंय हे तुझ्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही आलं.

आणि अडकलं होतं ते तुला ठाऊक होतं. म्हणून तर विचारायचीस.

मोठ्या दुष्काळात घाटावरून पोरांनी भरलेली एक बैलगाडी खाली रत्नागिरीला आली, त्यात आपण दोघी होतो. तू माझ्याहून थोडी मोठी. तुला गाडीच्या आधीचं काहीच आठवत नव्हतं. गाव नाही, आई नाही, नावसुद्धा नाही. मिशनच्या मिससाहेबांनी एस्तेर म्हटलं, तू एस्तेर झालीस. मला आठवत होतं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली आई बसली होती. तिच्या ओटीत भाकरीचा तुकडा होता, तो तिनं मला दिला आणि म्हणाली, बाजूला जाऊन खा, माझ्यासमोर खाऊ नको. मी बाजूला जाऊन खाल्ला. परत आले तर ती तशीच बसलेली, पण माशा उडवत नव्हती.

अनाथगृहातल्या शाळेत चौथीपर्यंत आपण एका पाटीवर शिकलो. तिथंच मला शिकवलं की बाप्तिस्म्यावाचून तारण नाही. मी उभी राहून विचारलं, मग माझी आई कुठं आहे? मास्तर म्हणाले, बस खाली. रात्री तू माझ्या चटईवर येऊन म्हणालीस, देवाला ठाऊक. तेव्हा बरं वाटलं. पुढं साऱ्या जन्मात तुझ्याकडून तेवढंच मिळालं, तेव्हा बरं वाटेना.

किती वेळा भांडलो यावरून. मासे साफ करताना, मिशनच्या देवळाच्या चटया झटकताना. एकदा तर प्रभुभोजनाच्या दिवशी, दारात.

“तिनं तुमच्या येशूचं नावही ऐकलं नव्हतं,” मी म्हणायची. “न ऐकलेल्या नावापायी तिला बाहेर ठेवणार?”

“मी कुठं म्हणते बाहेर ठेवणार?”

“मग म्हण की आत आहे.”

“ते म्हणायचा मला अधिकार नाही, रिबके.”

“मग मलाही तुझ्या आत यायचं नाही. मी बाभळीखाली जाऊन बसेन.”

तू रडायचीस. मी नाही रडायची. तुला आई आठवत नव्हती, म्हणून तुला सोपं होतं, हे मी तुला तोंडावर सांगितलंय. आजही तेच सांगते.

पण तुझ्या विश्वासावर मी जेवले, हेही खरं. माझा नवरा सुतार, मिशनच्या कामावर होता, दारू पिऊन लवकर गेला. तुझा कंपाउंडर, शांत माणूस, तोही गेला. मग देवळामागच्या दोन खोल्यांत आपण दोघी राहिलो. तू बायबलबाई म्हणून गावोगाव फिरायचीस, छत्री, पिशवी आणि ते मोठे मोठे पाय. मिरकरवाड्यावर म्हावरं विकणाऱ्या बायका तुझी टर उडवायच्या.

“काय गो एस्तूबाय, तुजा येसू म्हावरा खायाचा काय?”

“खायचा तर. भाजून, समुद्राच्या कडेला.”

“मंग आमचाच मानूस हाय की. ह्या दोन बांगडं ने त्येला.”

तू ते बांगडे आणून माझ्यापुढं टाकायचीस आणि म्हणायचीस, “येशूचे आहेत, नीट भाज.” इतक्या वर्षांत त्यातली एकही बाई ख्रिस्ती झाली नाही. तुला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मी म्हणायची, चपला झिजवून काय मिळवलंस? तू म्हणायचीस, बांगडे. मला हरवायचे तुझे हे दोनच मार्ग होते, रडणं आणि हसवणं.

माझा मुलगा पाळण्यात गेला तेव्हा पाळक येऊन म्हणाले, देवानं दिला, देवानं नेला. मी त्यांना चुलीतलं लाकूड दाखवलं. तू त्यांना बाहेर नेलंस, परत आलीस आणि काहीच बोलली नाहीस. भात केलास, मला भरवलास. आठवडाभर शास्त्र उघडलं नाहीस. त्या आठवड्यासाठी मी तुझी ऋणी आहे. तुझ्या सगळ्या प्रार्थनांपेक्षा जास्त.

आता तुझ्या शेवटच्या दुपारचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तुला ताप भरला तेव्हा तू म्हणालीस, भिजले थोडी, जाईल. गेला नाही. श्वास वर लागला. मी माझ्या चटईवरून सरकत तुझ्याजवळ आले, म्हणजे बघ, मरणारीच्या उशाशी कोण बसलंय. कौलावर पाऊस इतका की तुझं बोलणं ऐकायला मला वाकावं लागलं. मला वाटलं आता तू काही वचन म्हणशील. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी म्हणत आलीस. तू माझं मनगट धरलंस. डोळे असे झाले होते की ते तुझे वाटेनात. बैलगाडीतल्या पोरीचे होते.

“रिबके,” म्हणालीस, “तिथं कोणी नसलं तर?”

तू मला विचारत होतीस. मला, जिनं तुझ्याशी पन्नास वर्षं वाद घातला. तू माझी ट्रंक भरलीस आणि आता तूच बोटीच्या फळीवर उभी, हातात काही नाही, बोट सुटतेय. मला तुझा राग आला, एस्तू. इतकी वर्षं मला सांगितलंस आणि आता माझ्याकडून ऐकायचंय?

“आहे,” मी म्हटलं.

“कोण?”

येशू आहे, असं म्हणायला हवं होतं. तोंडातून आलं नाही. जे मला दिसतं तेच मला म्हणता येतं.

“माझी आई आहे,” मी म्हटलं. “बाभळीखाली बसलीय. तिला सांग, मी एस्तेर, रिबकेबरोबर गाडीत होते.”

मला वाटलं, आता म्हणशील, ते म्हणायचा तुला अधिकार नाही. तू म्हणालीस, “बरं.”

मग पाणी मागितलंस. मी चमच्यानं दिलं. दुसरा चमचा गालावरून खाली आला.

ते ‘बरं’ कसलं होतं, एस्तू? वादात हरलीस म्हणून? की दमलीस म्हणून? की कोणी काहीही सांगितलं असतं तरी तेव्हा बरंच म्हणाली असतीस? साऱ्या जन्मात मला तुझ्याकडून एवढाच शब्द हवा होता. तो मिळाला, आणि मला त्याचं काही करता येत नाही.

तुझ्या शमूला तार केली होती. पावसात आगबोटी बंद, मुंबईहून एस.टी.नं येईपर्यंत तुझी माती झाली होती. ओल्या बुटांनी उंबऱ्यात उभा राहिला. “मावशी, आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली?” मी म्हटलं, नाही. त्याचं तोंड उतरलं. तुझं शास्त्र मी त्याच्यापुढं ठेवलं तर म्हणाला, राहू दे इथंच, मी कुठं वाचतो. खरं बोलला ते बरं केलं. तुझ्या पोटचा एकच, आणि त्याच्या घरात तुझ्या देवाला पाट नाही. हे तुला ठाऊक होतं आणि तू माझ्यापासून लपवत होतीस, हेही मला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी देवळात तुझी स्मरणाची उपासना झाली. आपल्याकडे अशा वेळी उशाशी जो असेल त्यानं उठून शेवटची साक्ष सांगायची असते. मेलेला माणूस विश्वासात कसा गेला, ते. याकोबमास्तर गीत गात गेले, ही गोष्ट सगळ्या मंडळीला पाठ आहे. त्यांच्या बायकोनं, हन्नाबाईनं, उभं राहून सांगितली होती, आणि तू ती पुढं प्रत्येक गावात सांगितलीस. किती बायकांना तू त्या गोष्टीनं धीर दिलास. मलाही द्यायचीस, याच उन्हाळ्यात.

पाळकसाहेब म्हणाले, “रिबकाबाई, भगिनी एस्तेर यांचे शेवटचे शब्द मंडळीला सांगा.”

मी काठी टेकून उभी राहिले. सगळे वळून बघत होते. फार नव्हते, पुढचे दोन बाक भरले नव्हते. पण त्यात अशी माणसं होती ज्यांना तू वाचायला शिकवलंस, ज्यांची पोरं तू न्हाऊ घातलीस. त्यांना तुझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी खरं सांगितलं तर तुझं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नावर मोजतील. खोटं मला जमत नाही.

“तिनं पाणी मागितलं,” मी म्हटलं. “मी दिलं. मग गेली.”

पाळकसाहेब वाट बघत राहिले. मी बसले. तेव्हा तेच म्हणाले, “आमची भगिनी शांतीनं प्रभूमध्ये झोपी गेली.” सगळ्यांनी सुस्कारा टाकला. आता ते असंच राहणार. पुढं कोणीतरी त्यात गीतही घालील.

उपासना सुटल्यावर हन्नाबाई माझ्याजवळ येऊन बसली. तिला आता नीट दिसत नाही, हातानं माझा खांदा चाचपला. देऊळ रिकामं होईपर्यंत थांबली.

“काहीतरी होतं ना गो? तू गिळलंस.”

“तुला काय करायचंय?”

“माझा गात नाही गेला,” ती म्हणाली. “शिव्या देत गेला. मला, डॉक्टरला, वरच्याला पण. घसा बसला तेव्हा थांबला. मी तेव्हाच्या पाळकांना सांगायला गेले तर ते आधीच म्हणाले, मास्तर गीत गात गेले असतील, त्यांचा आवाज काय गोड होता. मी म्हटलं, होय.”

“आणि एस्तूला?”

“तिला कसं सांगू? ती गावोगाव सांगत सुटली होती.”

मला राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. मी भिंतीवरच्या फळीकडे बघत होते, जिच्यावर मंडळीतल्या मेलेल्यांची नावं रंगवलीत. ह्या सगळ्यांची साक्ष मी ऐकलीय. कोणाला उजेड दिसला होता, कोणी हात पसरले होते. त्यातलं खरं किती, आणि किती जणांनी कोणाचं तरी मनगट धरून तुझाच प्रश्न विचारला? आता विचारू कोणाला? उशाशी बसलेलेही त्याच फळीवर आहेत. तू आयुष्यभर लोकांना जे वाटलंस, ते कोणीतरी ‘होय’ म्हटलं म्हणून होतं. तुला ते कळलं नाही, एवढं एक चांगलं झालं. की शेवटच्या दुपारी कळलं?

मी संध्याकाळी कंदील लावते. शास्त्र उघडते. वाचता येतं, कळतंही. पण तुझा चढवलेला आवाज नाही, तर ती नुसती अक्षरं. प्रार्थनेला डोळे मिटले की मला कोणी दिसत नाही, ना तू, ना तो. आईसुद्धा दिसेनाशी झालीय. मी तिला तुझ्याकडे पाठवून दिली बहुतेक. तुला ‘आहे’ म्हणताना मला वाटलं, हे आपण दुसऱ्यासाठी म्हणतोय, आपल्याला काही लागणार नाही त्यातलं. लागतंय. तेव्हा जिभेवर आलं ते आता येत नाही, आणि माझ्या मनगटाशी वाकून ते म्हणणारी तू सड्यावर आहेस.

पाळकसाहेब परवा येऊन गेले. म्हणाले, एकट्या राहू नका, कोणाला तरी सोबतीला ठेवू. मी नको म्हटलं. माझ्या वेळी उशाशी कोणी नसलेलंच बरं. देवळात उभं राहून काय सांगायचं, ही पंचाईत तरी कोणाला पडणार नाही.